बर्फाच्या खिडकीवरची यादी

भाईंदर पश्चिम
रविवार, ३ सप्टेंबर २००६

आत्या,

पत्राच्या सुरुवातीला लांबलचक नमस्कार घातला की तू ते वाक्य गाळून पुढे वाचतेस, म्हणून थेट बातमीच लिहिते. मला माझं स्वतःचं पहिलं काम मिळालं.

मीरा रोडला मिठाईच्या दुकानावर आमची कंपनी आहे हे तुला माहीत आहे. अकरा माणसं आणि नऊ खुर्च्या. वर्षभर मी दुसऱ्यांनी बनवलेल्या स्क्रीनमधल्या चुका शोधत होते. आता भाईंदरच्या किनाऱ्यावरच्या पालीची 'दर्यासागर मच्छीमार सोसायटी' आमच्याकडे आली आहे. समुद्रात कुठल्या बोटी गेल्या आहेत आणि कुठल्या बोटीवर कोण आहे, याची यादी त्यांना कॉम्प्युटरवर हवी आहे. गेल्या वर्षी त्यांची एक बोट उलटली. तिच्यावर नक्की कोण होतं हे दोन दिवस कुणालाच माहीत नव्हतं. सरूबाई नावाच्या एक बाई आहेत. मुलगा त्याच बोटीवर होता असं समजून त्या दोन दिवस किनाऱ्यावर बसून होत्या. तो आयत्या वेळी दुसऱ्या बोटीवर चढला होता. हसत हसत परत आला, आणि त्यांनी आधी त्याच्या कानाखाली वाजवली.

आमच्या कौस्तुभ सरांची पद्धत अशी: तीन महिने माहिती गोळा करायची, शंभर पानांचा कागद बनवायचा, सह्या घ्यायच्या, मग सहा महिने कुणाला तोंड न दाखवता काम करायचं. मी म्हटलं, सर, मला दोन आठवडे द्या. कच्चा नमुना बनवून त्यांच्यासमोर ठेवते. ते नावं ठेवतील, मी बदलेन, परत दाखवेन. ज्यांच्यासाठी काम करतोय त्यांना ते सुरुवातीपासून दिसायला हवं, एवढंच माझं म्हणणं आहे.

सर म्हणाले, "छोटं काम आहे म्हणून सोडतोय. पण सोसायटीने नाही म्हटलं तर तू परत चुका शोधायला बसशील. आणि यापुढे या ऑफिसात नमुन्याचं नावही काढायचं नाही."

घरात पहिली ग्रॅज्युएट झाले तेव्हा बाबांनी गल्लीत पेढे वाटले. आता त्यांना टेम्पोच्या मागे माझ्या कंपनीचं नाव रंगवायचं आहे. कसंबसं थांबवलंय.

तुझी
क्षितिजा


नागाव
१२ सप्टेंबर २००६

चि. क्षितिजा,

तुझ्या पत्रात 'मी मी' फार आहे. वयाला शोभतं, म्हणून माफ.

मी गोदीच्या ड्रॉइंग ऑफिसात एकतीस वर्षं ट्रेसर होते, जहाजांचे नकाशे गिरवत. मॅट्रिक आणि एक वर्षाचा कोर्स, एवढंच माझं शिक्षण. पण एक गोष्ट शिकले. पत्रा कापायच्या आधी नकाशा पूर्ण हवा, त्यावर आठ सह्या हव्यात. कापलेला पत्रा परत आख्खा होत नाही. तुमचे कौस्तुभ सर मला शहाणे वाटतात.

तुझं सॉफ्टवेअर म्हणजे काय रांगोळी आहे, आवडली नाही तर पुसून दुसरी काढायला? आणि समोरचा माणूस रोज नवीन ठिपके मागायला लागला तर? पूर्ण कधी होणार? कोण म्हणणार, की झालं?

तरी काम मिळालं याचा आनंद झाला. शेजारच्या सुगंधाला पत्र वाचून दाखवलं. तिला काही कळलं नाही, पण कानाखाली वाजवलेली तिला आवडली.

फोन करू नकोस. फोनवर तू सगळं छान आहे म्हणतेस. कागदावर खोटं लिहायला वेळ लागतो, तेवढ्यात माणूस सुधारतो.

आत्या


भाईंदर पश्चिम
रविवार, २४ सप्टेंबर २००६

आत्या,

रांगोळीच आहे! तू टोमणा मारलास, पण माझ्या पद्धतीचं इतकं सोपं वर्णन मला जमलं नव्हतं. पत्रा कापावा लागत नाही, म्हणून तर पुसता येतं.

शुक्रवारी नमुना दाखवला. सोसायटीचं ऑफिस धक्क्याजवळ आहे. खाली मासळीचा लिलाव, वर ऑफिस. दुपारी राघो नावाचे क्लार्क बसतात, पहाटे लिलावाच्या वेळी अंबिका. ती माझ्याच वयाची आहे, बारावी झालेली, बोलायला तिखट. चेअरमन बाबाजी नाखवा खुर्ची ओढून माझ्या इतके जवळ बसले की मला माउस हलवता येईना.

स्क्रीन रिकामी दिसू नये म्हणून मी एक बोट आधीच भरून नेली होती. तिला आईचं नाव दिलं, 'सावित्री'. खलाशी म्हणून बाबा, मितेश आणि मितेशचे तीन मित्र. माझ्या ज्या भावाला पुलावरून खाडी बघितली तरी मळमळतं, तो मितेश समुद्रात! बाबाजी नाखवा म्हणाले, "फस्क्लास हाय." राघो म्हणाले, "मॅडम, वर देवीचा फोटो येल का?" अंबिका म्हणाली, "न गाणं पन टाका, म्हंजे राघोकाका झोपायचे न्हाय."

दोन तासांत मला सतरा बदल कळले. शंभर पानांच्या कागदावर त्यांनी न वाचता सही केली असती. बोटीच्या नंबरापेक्षा मालकाचं नाव आधी हवं, अक्षरं मोठी हवीत, खलाशी बदलला तर बटण एकच हवं. हे त्यांनी सांगितलं, कारण समोर दिसत होतं. राघोंना तर ते इतकं आवडलं की त्यांनी मला नमुना तिथेच ठेवायला सांगितलं. ठेवून आले. काम जवळजवळ झालंच म्हण ना.

तुझी
क्षितिजा


नागाव
२ ऑक्टोबर २००६

चि. क्षितिजा,

'जवळजवळ झालं' हे शब्द मी गोदीत फार ऐकले आहेत. त्या बोटी अजून गोदीतच असतील.

एक गोष्ट विचारायची राहिली. आमच्याकडे कच्चा नकाशा कुणाला बघायला दिला की त्यावर लाल शिक्का मारत असू, 'बांधणीसाठी नाही'. चारही कोपऱ्यांत. कारण कागद सुबक दिसला की खालचा माणूस तो खरा मानून करवत लावतो. चूक त्याची नसते. तुझ्या नमुन्यावर असा शिक्का आहे का?

तुझ्या बाबाला सांग, पुंडलिक, खोकल्याकडे लक्ष दे.

आत्या


भाईंदर पश्चिम
रविवार, २९ ऑक्टोबर २००६

आत्या,

दिवाळीत मी पत्र लिहिलं नाही, आणि आई सांगते तसं ते काम जास्त होतं म्हणून नाही. लाज वाटत होती.

तुझं पत्र मला सात तारखेला मिळालं. मी हसले. म्हटलं, शिक्का पुढच्या नमुन्यात टाकू. आज ते पत्र समोर ठेवून लिहितेय.

मी नमुना ठेवून आले, आणि दुसऱ्याच दिवशी राघोंनी तो खरा धरला. बोटींच्या जुन्या वहीला रबरबँड लावून कपाटात टाकलं आणि सगळ्या बोटी कॉम्प्युटरवर लिहायला लागले. मला कुणी सांगितलं नाही. का सांगतील? त्यांच्या मते मी देऊनच गेले होते.

चौदा तारखेला वादळी वाऱ्याचा इशारा आला. दुपारपर्यंत बोटी परतल्या. अंबिकाने यादी उघडली. सगळ्या आल्या, एक सोडून. 'सावित्री', पाच माणसं.

तू म्हणशील, गावातली बोट गावाला माहीत नसते का? असते. पण तिथे वसई-अर्नाळ्याच्या बोटीही बर्फ आणि डिझेल घ्यायला धक्क्याला लागतात, त्याही यादीत लिहितात. अंबिकाला वाटलं राघोंनी लिहिली असेल. राघोंना वाटलं अंबिकाने. इतके दिवस दोघांनीही ती पुसली नव्हती. आणि पाच माणसं वाऱ्यात अडकली आहेत म्हटल्यावर कोण थांबतं? चार पोरं बोट काढून शोधायला गेली. तीन तास, आत्या. त्यांत सरूबाईंचा मुलगा होता.

ती परत आली. सगळी. भिजलेली, एकाचा हात दोरीने सोललेला. मग राघोंनी मला फोन केला, "मॅडम, ही सावित्री कुठची?"

मी दुसऱ्या दिवशी पालीला गेले. मी सगळ्यांसमोर सांगितलं, ती बोट नाही, माझ्या आईचं नाव आहे, माणसं माझ्या घरची आहेत. सरूबाई धक्क्यावर बर्फाच्या कोठीत काम करतात. त्या हात पुसत आल्या. म्हणाल्या, "पोरी, तुजी बोट न्हाय तं न्हाय. पन माजा पोरगा गेलता तो खरा हाय ना?"

मी वर ऑफिसात गेले आणि यादीतली 'सावित्री' पुसली.

ऑफिसात कौस्तुभ सर ओरडले नाहीत. त्यांनी शंभर कोरे कागद माझ्या टेबलावर ठेवले. जानेवारीअखेरपर्यंत मुदत आहे. त्यानंतर सोसायटीची सभा होईल, ते हो किंवा नाही म्हणतील. सगळे म्हणताहेत, आता तरी आधी सगळं लिहून काढ. बहुतेक तुम्ही दोघं बरोबर होतात.

क्षितिजा


नागाव
६ नोव्हेंबर २००६

क्षितिजा,

मी बरोबर होते हे वाचून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. म्हणून तुला एक गोष्ट सांगते, जी पुंडलिकलाही माहीत नाही.

माझ्या नोकरीचं सहावं वर्ष. एका छोट्या लाँचचा नकाशा माझ्याकडे ट्रेसिंगला आला. पंपाची खोली, आणि तिच्यावर आत उतरायचं झाकण. रेघ ओढतानाच मला दिसलं, की झाकणाचं तोंड पंपापेक्षा अरुंद आहे. पंप आत जाणार नाही. पण नकाशावर आठ सह्या होत्या. आठही मोठ्या माणसांच्या. मी मॅट्रिक झालेली मुलगी. मी रेघ ओढली. सुबक ओढली.

लाँच बांधून झाली. पंप आला. आत जाईना. मग नवीन रंगवलेलं डेक सगळ्यांसमोर कापलं. मी खिडकीतून आवाज ऐकत होते. कुणी मला विचारलं नाही, आणि मी कधी बोलले नाही. आठ सह्यांमध्ये एकही माणूस असा नव्हता ज्याने पंप हातात धरला होता. फिटरला तो नकाशा आधी दाखवला असता तर त्याने नुसतं बघून हसून सांगितलं असतं.

तेव्हा सह्या घेतल्या म्हणजे चूक होत नाही, असं समजू नकोस. चूक दोन्हीकडे होते. तुझी तीन आठवड्यांत कळली, आमची दोन वर्षांनी.

मात्र त्या चार पोरांचं ओझं तुझं आहे, ते मी हलकं करणार नाही. शिक्का मार. वही परत उघड. आणि ऑफिसात बसून लिहू नकोस, पंप हातात धरलेल्या माणसाजवळ जाऊन बस.

आत्या


भाईंदर पश्चिम
रविवार, १० डिसेंबर २००६

आत्या,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, आणि मग कौस्तुभ सरांकडे जाऊन ते शंभर कागद परत ठेवले. चार अटी मीच घातल्या. नमुन्यात खोटी बोट नाही. प्रत्येक स्क्रीनवर चारही कोपऱ्यांत लाल अक्षरांत 'हा नमुना आहे'. सभा हो म्हणेपर्यंत वही चालू, आणि रोज संध्याकाळी वही व यादी ताडून बघायची. आणि आठवड्यातले तीन दिवस पहाटे मी पालीला. सर म्हणाले, "आणि पहाटेची पहिली बस चुकली तर?" मी म्हटलं, बाबा टेम्पो काढतील. बाबांना मी विचारलंही नव्हतं. पण ते आधीच उठून बसलेले असतात.

पहिले दोन आठवडे माझ्याशी अंबिकाशिवाय कुणी बोलत नव्हतं. मी नुसती बघत बसले. आणि मला एक भलतीच गोष्ट दिसली.

माझ्या स्क्रीनवर एक रकाना होता, 'परत येण्याची तारीख'. तो भरल्याशिवाय पुढे जाताच येत नव्हतं. राघोंनी तो प्रत्येक बोटीला भरला होता, नीट, न चुकता. सगळ्यांना एकच तारीख. मी विचारलं, काका, हे काय? ते ओशाळून म्हणाले, "मॅडम, दर्यावर निगालेल्याला कदी येनार असा इचारायचा नस्ताय. अपशकुन हाय. पन तुमचा मशीन सोडीत न्हाय, मंग मी आपला टाकताय कायपन."

आत्या, आपल्याच घरी बाबा टेम्पो काढताना मितेशने 'कुठे' म्हटलं की आई डोळे वटारते. हे माहीत असलेल्या मीच तो प्रश्न सक्तीचा केला होता! आणि वहीत तो रकानाच नव्हता. म्हणजे शंभर पानं लिहिली असती तर त्यातही मी तो घातला असता, आणि बाबाजींनी सही केली असती.

पण तारखेशिवाय बोट उशिरा आहे की वेळेत, हे यादीला कळणार कसं? तीन दिवस मी त्यावरच अडून होते. चौथ्या दिवशी थंडी होती, बर्फाच्या कोठीच्या दारात उभी होते. सरूबाईंनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "काय अडलाय तुजा?" मी सांगितलं. त्या हसल्या, माझ्यावरच.

"माणसाला इचारू नको. बर्फाला इचार."

बोट जितके दिवस राहणार तितका बर्फ नेते. सहा लाद्या म्हणजे दोन दिवस. पंधरा म्हणजे पाच. बर्फ संपला की मासळी टिकत नाही, मग कुणी थांबत नाही. कुणाला काही विचारायची गरजच नाही. आणि अजून एक. बोट सुटायच्या आधीची शेवटची जागा म्हणजे बर्फाची खिडकी. ऑफिसात नाव लिहून गेलेला खलाशी धक्क्यावर बदलतो, पण बर्फ चढवताना जो बोटीवर आहे तोच जातो.

म्हणजे माझी यादी चुकीच्या खोलीत होती!

आम्ही कॉम्प्युटर वरून खाली आणला, बर्फाच्या खिडकीशी. पहिला आणि शिक्का मारून सुधारलेला, असे आधीचे दोन्ही नमुने मी फेकून दिले. ते सोपं नव्हतं. आतून ते ठिगळं लावलेल्या गोधडीसारखे झाले होते, प्रत्येक बदलावर अजून एक बदल. सर म्हणाले, दोन महिन्यांचं काम फुकट. मी मान्य केलं. या पद्धतीत हे होतंच, पुसायचं म्हणून काढलेलं पुसताना हात अडतो. पण नव्याने लिहिताना मला काय लिहायचंय ते पक्कं माहीत होतं. नऊ दिवसांत झालं. आता यादी चारच गोष्टी विचारते: बोट कुठली, मालक कोण, माणसं कोण, लाद्या किती.

देवीचा फोटोही टाकला. राघोंचा हट्ट.

तुझी
क्षितिजा


नागाव
१८ डिसेंबर २००६

चि. क्षितिजा,

बर्फाला विचार! हे मी सुगंधाला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, यात काय मोठं, सगळ्यांना माहीत आहे. मी तिला म्हटलं, सगळ्यांना माहीत असलेलंच कुणी लिहून ठेवत नाही.

आता माझी शंका. तुझ्या बाई लाद्या मोजून सांगतात. पण सरूबाई आजारी पडल्या तर? गर्दीत नाव राहिलं तर? स्वतःच उत्तर देऊ नकोस. एखाद्या दिवशी तू तिथे नसताना काय होतं ते बघ. आम्ही लाँच पाण्यात सोडायचो तेव्हा नकाशा काढणाऱ्याला धक्क्यापासून लांब उभं करायचे, उगाच हात मारू नये म्हणून.

आत्या


भाईंदर पश्चिम
रविवार, ४ फेब्रुवारी २००७

आत्या,

मी तिथे नव्हते!

शुक्रवारी सकाळी मी मीरा रोडला ऑफिसात होते. सभा दुसऱ्या दिवशी, शनिवारी. पावणेनऊला अंबिकाचा फोन. म्हणाली, "जलराणी लाल झाली." मला क्षणभर कळेना. मग कळलं. यादीत एखाद्या बोटीचा बर्फ संपला असणार असं झालं की तिची ओळ लाल होते. जलराणी मंगळवारी गेली होती, सहा लाद्या घेऊन. गुरुवारी यायला हवी होती.

मी विचारलं, वही काय म्हणते? ती म्हणाली, "वही म्हनते, गेली. बस. तेवडंच."

तेव्हा आभाळ स्वच्छ होतं. वाऱ्याचा इशारा यायला अजून तीन तास होते. एरवी इशारा आल्यावर बोटी मोजायला सुरुवात झाली असती. बाबाजी नाखव्यांनी स्क्रीन बघितली, मग सरूबाईंना विचारलं, "सहाच दिलेल्या?" त्या म्हणाल्या, "मी दिल्यात. माज्या हातानं." ते एवढ्यावर उठले. सव्वानऊला दोन बोटी सुटल्या. त्यातली एक सरूबाईंच्या मुलाची. या वेळी कुणी त्याला पाठवलं नाही, आणि त्याला कुणी अडवलंही नाही.

मी सरांना सांगून निघाले. ते म्हणाले, "थांब, मी पण येतो." रिक्षात मला एकच वाटत होतं, परत खोटी निघाली तर?

जलराणी सापडली. पंख्यात जाळं अडकून मशीन बंद पडलं होतं, रात्रभर नांगर टाकून होते. दोर बांधून ओढत आणताना वारा सुरू झाला, आणि तीनच्या सुमाराला तिन्ही बोटी धक्क्याच्या आत आल्या तेव्हा बाहेर लाटा भिंतीवरून उडत होत्या. दोन तास उशीर झाला असता तर काय, हे तिथल्या सगळ्यांना कळत होतं.

अंबिका यादीचा कागद छापून घेऊन उभी होती. तिने एकेक नाव मोठ्याने वाचलं. बोटीवरून उत्तर आलं, "हाय!" दुसरं नाव. "हाय!" पाच झाली. बायकांना वाटलं संपलं, त्या पुढे सरकल्या. अंबिका ओरडली, "थांबा गो, अजून एक हाय!" सहावं नाव वाचलं. एक तरुण खलाशी होता, सुटायच्या वेळी बर्फाच्या खिडकीपाशी बोटीवर चढलेला. वहीत आधी पाचच नावं होती; सहावं संध्याकाळी ताडताना यादीवरून उतरवलं. त्याच्या घरच्यांना तो बोटीवर आहे हेही माहीत नव्हतं. तो आतून, घोंगडीत गुंडाळलेला, केवढ्याने ओरडला आत्या, "हाय! हाय!"

सहा नावं, सहा माणसं. मी मोजली. सरांनीही मोजली, बोटांवर. मग ते वारा किती आहे वगैरे बोलत दुसरीकडे बघत राहिले.

सभा काल झाली. हो म्हणाले. हात वर करून, टाळ्या वाजवून, राघो तर उभे राहून. मग सरांनी बॅगेतून कागद काढला, 'काम पूर्ण झाले', खाली सहीची जागा. बाबाजी नाखव्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि परत दिला.

सर घाबरले. "काही चुकलंय का?"

"चुकला काय न्हाय," ते म्हणाले. "पन 'पूर्न' म्हनून सही क्येली, त ही पोरगी यायची बंद व्हईल. नवीन बोट आली, नवीन काय सुचला, तं आमी कोनाला सांगाचा? यादी चालू, असा लिवा. मंग करताव सही."

सरांनी पेनाने 'पूर्ण झाले' खोडलं आणि वर 'चालू आहे' लिहिलं. त्यावर सही झाली. रिक्षात बसल्यावर सर म्हणाले, "सोमवारी बाकीच्या मुलांना सांग, नमुना कसा करतात ते." आणि थोड्या वेळाने, "शिक्क्यापासून सुरू कर."

कोपऱ्यांतली लाल अक्षरं आज सकाळी मी काढली. वही मात्र मी बंद करू दिलेली नाही. तुझी शंका रास्त आहे, सरूबाई नसतील त्या दिवसाचं काय ते अजून सुटलेलं नाही. अंबिकाने काल त्यावर एक युक्ती सुचवली आहे. मला ती बहुतेक चुकीची वाटते. उद्या पहाटे करून बघणार आहोत.

तुझी
क्षितिजा